मुखत्यारपत्र : द्यावें कसें व आवरावें कसें

सिहोरा व त्याच्या आसपासच्या गांवांतील पुष्कळ खातेदार हल्लीं आपल्या शेतावर राहत नाहींत. कोणी नोकरीनिमित्त नागपुरास असतो, कोणी मुलांच्या शिक्षणाकरितां तुमसरास अथवा भंडाऱ्यास बिऱ्हाड करून राहतो. कोणी गांवींच असतो, पण वयोमानामुळें त्यास कचेरीचे हेलपाटे सोसत नाहींत. बांध्या मात्र जागच्या जागीं असतात. धान विकावयाचें असतें, पाणीपट्टी भरावयाची असते, मोजणीच्या वेळीं कोणी तरी धुऱ्यावर उभें राहावें लागतें. अशा वेळीं भाऊ, जांवई, पुतण्या किंवा विश्वासाचा शेजारी यांच्या नांवें मुखत्यारपत्र करून देण्यांत येतें. हें करण्यांत गैर कांहीं नाहीं. त्यावांचून कित्येकांची शेती चालणारच नाहीं. परंतु ज्या कागदानें शेती चालते, त्याच कागदानें ती हातची जाऊंही शकते. म्हणून हा कागद लिहावा कसा, त्यावर नजर ठेवावी कशी आणि काम संपल्यावर तो परत घ्यावा कसा, याचा विचार आम्ही या पाठांत करणार आहों.

मुखत्यारपत्राचें स्वरूप

मुखत्यारीचा मुख्य कायदा दोन ठिकाणीं आहे. मालक व मुखत्यार यांचे परस्पर हक्क व कर्तव्यें १८७२ च्या करारविषयक कायद्यांत (कलम १८२ ते २३८) सांगितलीं आहेत. आणि मुखत्यारपत्रासंबंधीं एक छोटा स्वतंत्र कायदा १८८२ सालीं झाला आहे. दोहोंचें सार असें, कीं मुखत्यारानें दिलेल्या अधिकाराच्या मर्यादेंत जें केलें, तें मालकानें स्वतः केलें असें समजावयाचें. त्यानें सही केली ती मालकाची सही. त्यानें पावती दिली ती मालकाची पावती. मागाहून "मला ठाऊक नव्हतें" असें म्हणून मालकास सुटतां येत नाहीं. बैलजोडी उसनी दिली तर ती सायंकाळीं परत येते. येथें मालक आपला हातच उसना देतो, व त्या हातानें काय लिहिलें जाईल हें तो हात देतेवेळींच ठरवावें लागतें.

अशा पत्राचे दोन प्रकार आहेत. एखादें ठराविक काम करण्यापुरतें दिलेलें तें खास मुखत्यारपत्र. आणि सर्व व्यवहारांचा अधिकार देणारें तें कुलमुखत्यारपत्र. आमचा पहिला व मुख्य सल्ला असा, कीं खास मुखत्यारपत्रानें काम भागत असतां कुलमुखत्यारपत्र कधींही देऊं नये. कागद लिहिणाऱ्याकडे कुलमुखत्यारपत्राचा मसुदा तयार असतो व तो देणें त्यास सोयीचें असतें, एवढें कारण आपली सर्व मिळकत दुसऱ्याच्या हातीं देण्यास पुरेसें नव्हे.

मागील पिढ्यांचा अनुभव

आपल्या जिल्ह्यास प्रतिनिधीकडून चालणारा कारभार नवा नाहीं. भंडारा जिल्हा मध्यप्रांतांत असतांना येथें मालगुजारी पद्धति होती. गांवाचे हिस्सेदार अनेक असत, आणि त्यांच्या वतीनें सारा भरण्याचें काम लंबरदार करी. मालगुजार स्वतः गांवीं राहत नसेल, तर त्याच्या जागीं मुकद्दम-गुमास्ता काम पाही. हिशेब चोख असेल तेथें हा कारभार सुरळीत चाले. नसेल तेथें हिस्सेदारांस आपल्या वांट्याच्या नफ्याकरितां कोर्टाची पायरी चढावी लागे. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी रद्द झाली व ३१ मार्च १९५१ पासून ती पद्धति इतिहासजमा झाली. तिच्यापासून घेण्याचा धडा मात्र आजही उपयोगी आहे : प्रतिनिधि नेमणें सोपें, त्याच्याकडून वेळच्या वेळीं हिशेब घेणें अवघड, आणि हें अवघड काम टाळलें कीं तंटा उभा राहतो.

दुसरा धडा पश्चिम महाराष्ट्राचा आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगा केला व तो पुणें आणि अहमदनगर या जिल्ह्यांत पसरला. त्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या घरांतील दस्तऐवजांवर होता. कारण आपण कशावर अंगठा केला हें पुष्कळांस ठाऊकच नव्हतें. सरकारनें चौकशी करून १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांकरितां केलेल्या त्या कायद्यांत अशी तजवीज होती, कीं शेतकऱ्यानें करून द्यावयाचा दस्तऐवज ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखालीं लिहिला जावा व त्याच्या समक्षच त्यावर सही अथवा अंगठा व्हावा. तो कायदा आतां राहिलेला नाहीं, व असा ग्रामनिबंधकही कोणाच्या मदतीस येणार नाहीं. तेव्हां त्याचें काम आपलें आपणच केलें पाहिजे. कागद प्रथम मोठ्यानें वाचून घ्यावा, वाचणारा मुखत्याराचा मनुष्य नसावा, आणि एकही जागा कोरी नसावी. कोऱ्या मुद्रांक कागदावर सही म्हणजे उघड्या कोठाराची किल्ली होय.

मसुदा लिहितांना पाळावयाचे नियम

(१) कामें मोजून लिहावीं. "माझ्या सर्व स्थावर-जंगम मिळकतीसंबंधानें मुखत्यारास योग्य वाटेल तो व्यवहार करावा" असें वाक्य मसुद्यांत आढळल्यास तें काढून टाकावें. त्याऐवजीं असें लिहावें : "मौजे सिहोरा, तालुका तुमसर येथील अमुक गट क्रमांकाच्या शेतांतील धान खरेदी केंद्रावर नेऊन देणें, पाणीपट्टी व शेतसारा भरणें, आणि मोजणीच्या वेळीं हजर राहणें, एवढींच कामें करण्याचा अधिकार दिला आहे." गट क्रमांक व क्षेत्र हीं सात-बाराच्या उताऱ्याशीं ताडून पाहावीं.

(२) जो अधिकार दिला नाहीं तोही लिहावा. "विक्री, गहाण, बक्षीस, भाडेपट्टा, वांटणी, हक्कसोड, विक्रीचा करार व कर्ज काढणें यांपैकीं कोणताही अधिकार या पत्रानें दिलेला नाहीं" हें एक वाक्य पुष्कळ भांडणें मिटवितें. मुखत्यारपत्राचा अर्थ न्यायालयें काटेकोरपणें लावतात. शब्दांत नसलेला मोठा अधिकार अनुमानानें दिला असें मानीत नाहींत. तथापि जें वाद घालून सिद्ध करावें लागेल, तें आधींच लिहून ठेवणें स्वस्त पडतें.

केरळांतील एक खटला या बाबतींत लक्षांत ठेवण्याजोगा आहे. एका बहिणीनें १९७१ सालीं दुसऱ्या बहिणीस नोंदणी केलेलें कुलमुखत्यारपत्र दिलें आणि १९८५ सालीं तें रद्द केलें. परंतु तें रद्द होण्यापूर्वींच मुखत्यार बहिणीनें जमीन विकून टाकली होती. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२२ सालीं न्यायालयानें ठरविलें, कीं त्या पत्रांत विक्रीचा अधिकार स्पष्टपणें दिलेला नव्हता व तो इतर शब्दांवरून ओढून काढतां येत नाहीं; सबब त्या विक्रीनें मालक बहिणीचा हक्क गेला नाहीं. न्याय मिळाला खरा. परंतु पत्र रद्द केल्यापासून शेवटच्या निकालापर्यंत ३७ वर्षें लोटलीं. इतकीं वर्षें कोर्टांत घालविण्यापेक्षां एक ओळ अधिक लिहिणें बरें, हें कोणीही कबूल करील.

(३) मुदत घालावी. "या हंगामापुरतें", "अमुक तारखेपर्यंत" असें लिहिलेलें पत्र त्या दिवशीं आपोआप संपतें. मुदत नसलेलें पत्र पेटींत पडून राहतें व मालकाच्या विस्मरणांत जातें. मुखत्याराच्या विस्मरणांत मात्र तें जात नाहीं.

(४) पैसा मुखत्याराच्या हातीं येऊं देऊं नये. धानाची किंमत, भूसंपादनाचा मोबदला, पिकाची नुकसानभरपाई यांपैकीं जें येईल तें मालकाच्या स्वतःच्या बँक खात्यांतच जमा व्हावें, मुखत्यारास रोख घेण्याचा अधिकार नाहीं, असें पत्रांतच नमूद करावें. जमीन विकण्याकरितां खरोखरच मुखत्यार नेमणें भाग पडलें, तर निदान किती किंमत यावयास पाहिजे तो आंकडा लिहावा, आणि ती मालकाच्या खात्यांत आल्यावांचून खरेदीखतावर सही करूं नये अशी अट घालावी.

(५) स्वतःशीं व्यवहार करण्याची मनाई लिहावी. मुखत्यारानें मालकाची जमीन स्वतःच्या, पत्नीच्या अथवा मुलाच्या नांवें करून घेणें हा गैरवापराचा नेहमींचा प्रकार आहे. करार कायद्याच्या कलम २१५ प्रमाणें, मुखत्यारानें मालकाची संमति न घेतां स्वतःच्या फायद्याकरितां व्यवहार केला, आणि त्यांत महत्त्वाची गोष्ट लबाडीनें लपविली किंवा तो व्यवहार मालकास अहितकारक झाला, तर मालकास तो नाकारतां येतो. पत्रांत स्पष्ट मनाई असल्यास हा हक्क अधिक बळकट होतो.

(६) पोटमुखत्यार नेमण्याची परवानगी देऊं नये. आपण पुतण्यावर विश्वास ठेवला. पुतण्याच्या मित्रावर ठेवला नव्हता.

(७) हिशेब मागण्याचे दिवस ठरवावे. मालक मागेल तेव्हां हिशेब देणें हें कलम २१३ प्रमाणें मुखत्याराचें कर्तव्यच आहे. परंतु "दर हंगामाअखेर लेखी हिशेब द्यावा" असें लिहिलें म्हणजे नातेवाइकाकडे हिशेब मागण्याचा संकोच राहत नाहीं.

"रद्द न होणारें" हे शब्द

येथें एका धोक्याकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधतों. कांहीं मसुद्यांत "हें मुखत्यारपत्र रद्द न होणारें आहे" असें लिहिलेलें असतें, व जोडीस "मोबदला पावला" असे शब्द असतात. मुखत्याराचा त्या मिळकतींत स्वतःचा हितसंबंध असेल, तर कलम २०२ प्रमाणें त्या हितसंबंधास बाध येईल अशा रीतीनें तें पत्र मालकास रद्द करतां येत नाहीं. याचें उदाहरण कायद्यांतच दिलें आहे : ऋणको धनकोस सांगतो कीं माझी जमीन विक व तुझें कर्ज त्यांतून फेडून घे; असा अधिकार ऋणकोस मागें घेतां येत नाहीं, आणि त्याच्या मृत्यूनेंही तो संपत नाहीं. म्हणजे कर्ज घेतांना सावकारास किंवा दलालास असें पत्र लिहून देणें हें मुखत्यार नेमणें नसून जमीन बांधून देणें आहे. मोबदला घेऊन विक्रीचा अधिकार देणाऱ्या पत्रावर महाराष्ट्रांत खरेदीखताप्रमाणें मुद्रांक शुल्क आकारतात, यावरूनही त्याचें वजन कळून येईल.

खरेदी करणारानेंही हें जाणावें. केवळ कुलमुखत्यारपत्र, विक्रीचा करार व मृत्युपत्र एवढ्यावर जमिनीची मालकी मिळत नाहीं. ती नोंदणी केलेल्या खरेदीखतानेंच मिळते, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑक्टोबर २०११ रोजीं सूरज लॅम्प या कंपनीच्या खटल्यांत दिला आहे. तसेंच जें मालकास स्वतः करतां येत नाहीं तें मुखत्यारासही करतां येत नाहीं. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यास महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणें मंजुरी लागते; मुखत्यारपत्राच्या आडवाटेनें ती अट चुकवितां येत नाहीं.

सही कोठें करावी

मालकाच्या वतीनें नोंदणी कचेरींत दस्त दाखल करण्याकरितां जें मुखत्यारपत्र लागतें, तें १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणें निबंधक अथवा दुय्यम निबंधक यांच्यासमोर करून प्रमाणित व्हावें लागतें. मालक परदेशांत असल्यास तेथील नोटरी, न्यायालय किंवा भारतीय वकिलात यांच्यासमोर तें होऊं शकतें. मालक शरीरानें इतका अशक्त असेल कीं कचेरींत येणें त्यास धोक्याचें होईल, तर निबंधकानें घरीं येऊन पत्र स्वेच्छेनें केलें आहे कीं नाहीं हें पाहण्याची सोयही त्याच कलमांत आहे. म्हणून "आजी अंथरुणावर आहे, तिचा अंगठा घरींच घेऊन येतों" असें कोणी म्हणाल्यास त्यास ही सोय सांगावी. साक्षीदार मालकाच्या ओळखीचे व मुखत्याराशीं नातें नसलेले असावे. पत्राची एक प्रत मालकानें स्वतःजवळ ठेवावी.

आणखी एक गोष्ट घरोघर चुकते. वृद्ध पित्याची स्मृति व समज गेल्यावरही जुन्या पत्रावर व्यवहार चालूं ठेवतात. आपल्या कायद्यांत (कलम २०१) मालक वेडा झाला किंवा मरण पावला कीं सामान्य मुखत्यारी संपते. इंग्लंडांत २००५ च्या कायद्यानें अशी वेगळी मुखत्यारी निर्माण केली आहे, जी मालकाची समज गेल्यावरही टिकते. परंतु ती सरकारी पालक-कचेरींत नोंदवावी लागते. आपल्याकडे ती सोय नाहीं. समज गेलेल्या माणसाचा अंगठा घेऊन केलेलें पत्र टिकाऊ नसतें.

नजर कशी ठेवावी

पत्र दिल्यावर मालकानें निर्धास्त होऊन चालत नाहीं. तीन महिन्यांतून एकदां तरी आपला सात-बारा व आठ-अ पाहावा. हे उतारे आतां सरकारी संकेतस्थळावरही पाहतां येतात. जमिनीचा व्यवहार झाला कीं तलाठ्याकडे, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफाराची नोंद होते. महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणें ही नोंद चावडीवर लावावी लागते व हितसंबंधी मंडळींस नोटीस द्यावी लागते. हरकत घेण्यास नोटिशीपासून १५ दिवसांची मुदत असते. "आपली चावडी" या सरकारी संकेतस्थळावर अशा नोटिसा गांववार पाहावयास मिळतात. नागपुरास राहणाऱ्या खातेदारास हा मोठाच आधार आहे. नोंदणी झालेल्या दस्तांची सूची क्रमांक दोनही पाहतां येते. आपला पत्ता व दूरध्वनि बदलला असल्यास तो गांवच्या दप्तरीं कळवावा. नाहीं तर नोटीस जुन्या घराच्या दारावर लागते व मुदत निघून जाते.

रद्द करणें म्हणजे कळविणें

मुखत्यारी मागें घेण्याचा मालकाचा हक्क, कलम २०२ चा अपवाद सोडल्यास, निर्विवाद आहे. परंतु बहुतेकांची समजूत अशी, कीं पत्र फाडलें किंवा रद्द केल्याचा कागद लिहून ठेवला कीं काम झालें. कलम २०८ काय म्हणतें तें पाहा. मुखत्यारापुरती मुखत्यारी तेव्हां संपते जेव्हां रद्द झाल्याचें त्यास कळतें. आणि तिऱ्हाइतापुरती तेव्हां, जेव्हां तें तिऱ्हाइतास कळतें. समजा, एका खातेदारानें वैशाखांत पत्र रद्द केलें व कोणास सांगितलें नाहीं. मुखत्यारानें ज्येष्ठांत तेंच पत्र दाखवून धानाची उचल घेतली. व्यापाऱ्यानें प्रामाणिकपणें पैसे दिले असतील, तर तें देणें मालकावर बंधनकारक होण्याचा संभव आहे.

तेव्हां रद्द करतांना पुढील क्रम पाळावा. रद्द केल्याचा लेख पूर्वीच्या पत्राप्रमाणेंच दुय्यम निबंधकासमोर करावा. त्याची नोटीस मुखत्यारास पोंचपावतीच्या टपालानें पाठवावी व मूळ पत्र परत मागावें. मग दुय्यम निबंधक, तलाठी, तहसीलदार, बँक, सेवा सहकारी संस्था व धान-खरेदी केंद्र यांस प्रत देऊन पोंच घ्यावी. ज्या व्यापाऱ्याशीं मुखत्याराचा व्यवहार होता त्यास लेखी कळवावें, व जिल्ह्यांत खपणाऱ्या वृत्तपत्रांत जाहीर सूचना द्यावी. मालक मरण पावल्यास हींच पत्रें वारसांनीं तेराव्यापर्यंत न थांबतां धाडावीं.

नुकसान झाल्यास

एवढें करूनही गैरव्यवहार झाल्याचें कळलें, तर घरांत बसून चर्चा करण्यांत दिवस घालवूं नयेत. फेरफार मंजूर झाला नसेल तर लेखी हरकत घेऊन पोंच घ्यावी; हरकत आली कीं तें प्रकरण वादग्रस्त नोंदवहींत जाऊन त्यावर सुनावणी होते. मंजूर झाला असल्यास उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करावें. फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी गेली असें नव्हे. ती नोंद महसुलाकरितां असते. मालकीचा निकाल दिवाणी न्यायालय करतें. खोटें खरेदीखत रद्द करून घेण्याच्या दाव्यास, हकीकत कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. विश्वासघात व फसवणूक यांची फिर्याद पोलिसांत देतां येते; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत हे गुन्हे अनुक्रमें कलम ३१६ व ३१८ खालीं येतात. मात्र फौजदारी फिर्यादीनें जमीन परत येत नाहीं. त्याकरितां दिवाणी दावा वेगळा करावाच लागतो.

कोणी म्हणेल, कीं सख्ख्या भावाशीं इतका कागदोपत्री व्यवहार करणें म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणें होय. आम्हांस तसें वाटत नाहीं. मोजून दिलेला अधिकार मुखत्यारासही निर्भय करतो. त्याच्यावर उद्यां पुतण्यांनीं आळ घेतला, तर तोच कागद व तोच हिशेब त्याच्या बाजूनें साक्ष देतील. धुरा नीट असला कीं दोन्ही बांध्यांचे मालक एकमेकांशीं गोडीनें वागतात.

अभ्यासासाठीं प्रश्न

आपल्या पेटींतील मुखत्यारपत्र काढून वाचकांनीं पुढील प्रश्नांचीं उत्तरें शोधावीं. (१) त्यांत विक्रीचा किंवा गहाणाचा अधिकार आहे काय, व तो आपणांस द्यावयाचा होता काय? (२) मुदत कोणती? (३) पैसे कोणाच्या खात्यांत यावयाचे? (४) "मोबदला" किंवा "रद्द न होणारें" हे शब्द कोठें आहेत काय? (५) मूळ पत्र आज कोणाजवळ आहे? (६) देणारा व घेणारा दोघेही हयात व समजदार आहेत काय? यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर समाधानकारक नसेल, तर रोवणीची धांदल सुरू होण्यापूर्वीं चांगल्या वकिलास तो कागद दाखवावा.